शेवटचा बिट कोणाचा? सूरजागडच्या एका पिक्सेलवरून थोडा इतिहास

५४५९६. ही संख्या लक्षात ठेवा. या लेखातला निम्मा इतिहास तिच्या डाव्या टोकाला लपलेला आहे.

लँडसॅट ८ हा उपग्रह दर १६ दिवसांनी पृथ्वीवरच्या त्याच जागेवरून जातो. गडचिरोली जिल्ह्यात एटापल्ली तालुक्यातला सूरजागडचा डोंगरही त्याच्या वाटेत येतो. प्रत्येक चित्रासोबत एक गुणवत्तेचा थर मिळतो. हा पिक्सेल ढगात आहे का, सावलीत आहे का, पाण्यावर आहे का, याची उत्तरं त्या थरात असतात. पण उत्तरं शब्दांत नसतात. प्रत्येक पिक्सेलला १६ बिटांची एकच संख्या दिलेली असते आणि त्या १६ घरांत सगळी उत्तरं कोंबलेली असतात. घरांचे क्रमांक ० ते १५. सहाव्या घरात १ असेल तर आकाश निरभ्र. तिसऱ्यात १ असेल तर ढग. आठवं आणि नववं घर मिळून ढगाबद्दलची खात्री. आणि अगदी शेवटची दोन घरं, चौदा आणि पंधरा, मिळून सिरस ढगाबद्दलची खात्री. सिरस म्हणजे खूप उंचावरचा, बर्फाच्या कणांचा, विरळ ढग. डोळ्यांना तो कधी कधी जाणवतही नाही.

निरभ्र जंगलाचा नेहमीचा आकडा २१८२४ असा येतो. सिरस ढग नक्की आहे असं उपग्रहाच्या प्रणालीला वाटलं, की तो ५४५९६ होऊ शकतो. बिटांत लिहिला तर: ११०१ ०१०१ ०१०० ०१००. डावीकडची दोन्ही घरं १. दोन बिटांत ११ म्हणजे ३, आणि ३ म्हणजे 'खात्री उच्च'.

आता समजा, हीच संख्या वाचताना तुमच्या प्रोग्रामनं तिला साइन्ड, म्हणजे ऋण-धन चिन्ह असलेली संख्या मानलं. १६ घरं तीच, त्यातले बिटही तेच. पण आता ती ५४५९६ राहत नाही, उणे १०९४० होते. शेवटची दोन घरं हवीत म्हणून तुम्ही तिला १४ घरं उजवीकडे सरकवली, तर ३ यायला हवे होते, तिथे उणे १ येतो. पुढे तुमची अट असते: 'उत्तर ३ असेल तर हा पिक्सेल टाकून द्या.' उणे १ म्हणजे काही ३ नव्हे. पिक्सेल वाचतो आणि ढग जंगल म्हणून मोजला जातो.

प्रोग्राम थांबत नाही. लाल अक्षरांत काही येत नाही. नकाशा छान तयार होतो.

हा लेख त्या पंधराव्या घराबद्दल आहे. संगणकाच्या इतिहासात हे टोकाचं घर पुन्हा पुन्हा त्रास देत आलं आहे आणि प्रत्येक वेळी कारण जवळपास एकच होतं. ते कारण आधीच सांगून टाकतो: शेवटच्या घराचा क्रमांक मावतो, त्याच्या पुढच्या घराचा मावत नाही. बाकी सगळा इतिहास म्हणजे या एका वाक्याची उदाहरणं.

मुंबईतली २०४८ घरं

सुरुवात आपल्याच राज्यातून करू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५०च्या दशकात आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एका गटानं संगणक बांधायला घेतला. आधी एक छोटं प्रायोगिक यंत्र झालं, आणि १९६० साली मोठं यंत्र कामाला लागलं. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिलं. निर्वात नळ्यांवर चालणारं हे यंत्र. त्याची स्मृती फेराइट कड्यांची होती, तिच्यात २०४८ शब्द मावायचे आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा होता.

२०४८ हा आकडा बघा. एवढ्या घरांना ० पासून क्रमांक दिले तर शेवटचं घर २०४७ नंबरचं. २०४७ लिहायला ११ बिट लागतात आणि ते अकराच्या अकरा १ असतात. मग घरं एकूण किती? २०४८. ही संख्या ११ बिटांत लिहिता येत नाही, तिला बारावा बिट लागतो. म्हणजे ११ बिटांच्या पत्त्यात प्रत्येक घराचा क्रमांक बसतो, पण 'एकूण घरं किती' या प्रश्नाचं उत्तर बसत नाही! मोजणी आणि क्रमांक या वेगळ्या गोष्टी आहेत, हे टोकाला गेल्यावरच कळतं. मधल्या घरांत दोघांची गल्लत केली तरी फार तर एकाचा फरक पडतो. टोकाला केली तर उत्तर थेट शून्यावर येतं.

४० बिटांचा शब्द त्या काळच्या आणखी एका नामांकित यंत्रात होता. प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीमध्ये जॉन फॉन नॉयमन यांच्या गटानं बांधलेलं यंत्र. १९४६ साली बर्क्स, गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमन यांनी त्याच्या रचनेवर एक अहवाल लिहिला. पुढच्या किती तरी यंत्रांची वंशावळ तिथून सुरू होते. त्या यंत्रात संख्या अपूर्णांक म्हणून ठेवल्या जायच्या आणि सर्वात डावीकडचा बिट चिन्हासाठी राखलेला होता. या पद्धतीला टू'ज कॉम्प्लिमेंट म्हणतात. तिच्यात उणे १ लिहिता येतो. अधिक १ मात्र लिहिता येत नाही, त्याच्या अगदी जवळ जाऊन थांबावं लागतं.

आजही गणित तेच आहे. १६ बिटांच्या साइन्ड संख्येत उणे ३२७६८ पासून अधिक ३२७६७ पर्यंतच्या संख्या बसतात. पंधराव्या घराची स्वतःची किंमत किती? ३२७६८. साइन्ड संख्येत ही किंमत धन बाजूला बसतच नाही, नेमकी एकानं बाहेर पडते. म्हणून त्या घराची किंमत उणे धरायची, असा तह झाला. बाकी पंधरा घरं संख्येत भर घालतात, हे एकटं घर वजा करतं. आपला ५४५९६ हा उणे १०९४० झाला तो या तहामुळे. (५४५९६ मधून ६५५३६ वजा करून बघा.)

तह होता, पण कायदा नव्हता

तुम्ही विचाराल, एवढं ठरलेलं होतं तर गोंधळ कशाला? कारण ते सगळीकडे ठरलेलं नव्हतं. १९५० आणि ६०च्या दशकात काही यंत्रं चिन्ह वेगळं ठेवायची, काही सगळे बिट उलटवून ऋण संख्या बनवायची. १९६४ साली आयबीएमनं सिस्टिम/३६० आणली, तिनं टू'ज कॉम्प्लिमेंट घेतलं आणि हळूहळू बाकीचे त्या वाटेनं गेले.

सी भाषा डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला घडवली. ती हार्डवेअरच्या अगदी जवळ बसणारी भाषा. १९८९ साली तिचं पहिलं प्रमाण ठरलं, तेव्हा सगळ्या प्रकारच्या यंत्रांना सोबत घ्यायचं होतं. त्यामुळे काही प्रश्न मुद्दाम मोकळे सोडले गेले. ऋण संख्या उजवीकडे सरकवली तर डावीकडून ० आत येणार की १? उत्तर: कंपायलर ठरवेल तसं. ३२ बिटांची संख्या ३२ घरं सरकवली तर? उत्तर: सांगता येत नाही, काहीही होऊ शकतं. प्रमाणाच्या भाषेत याला 'अनडिफाइन्ड' म्हणतात. साइन्ड संख्येत १ ला शेवटच्या घरात ढकलणं हासुद्धा १९९९ च्या प्रमाणात याच सदरात गेला.

ऋण संख्या फक्त टू'ज कॉम्प्लिमेंटमध्येच असेल, हे सी प्लस प्लस भाषेनं २०२० च्या प्रमाणात मान्य केलं आणि सी भाषेनं त्यानंतरच्या, सी२३ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रमाणात. म्हणजे १९४६ च्या अहवालातली पद्धत कायदा व्हायला सत्तरहून जास्त वर्षं लागली. आणि तरीही पूर्ण रुंदीएवढं सरकवणं सी भाषेत आजही अनडिफाइन्डच आहे.

३२ घरं सरकवल्यावर काय होतं?

ही गोष्ट मला फार आवडते, कारण तिच्यात कोणीच वेडेपणा केलेला नाही.

इंटेलचा ८०८६ हा प्रोसेसर १९७८ सालचा. त्याला संख्या कितीही घरं सरकवायला सांगा, तो बिचारा तेवढ्या वेळा सरकवत बसायचा. २०० म्हणालात तर २०० वेळा. वेळ वाया जातो म्हणून २८६ पासून इंटेलनं ठरवलं, की सरकवण्याच्या आकड्याचे फक्त शेवटचे ५ बिट बघायचे. ५ बिटांत ० ते ३१ बसतात. ३२ बसत नाही. ३२ चे शेवटचे ५ बिट म्हणजे ०. त्यामुळे '१ ला ३२ घरं डावीकडे सरकवा' म्हटलं, की हा प्रोसेसर शून्य घरं सरकवतो आणि १ जसाच्या तसा परत देतो. एआरएम प्रोसेसरमध्ये ३२ बिटांच्या रजिस्टरवर हेच केलं तर उत्तर ० येतं. दोन यंत्रं, एक वाक्य, दोन उत्तरं.

आता लिनक्सचा गाभा बघा. तिथे जेनमास्क नावाचा एक छोटा मॅक्रो आहे. त्याला दोन घरांचे क्रमांक द्यायचे, वरचं आणि खालचं, की तो तेवढ्या घरांत १ भरलेला मास्क देतो. २०१३ मध्ये तो आला तेव्हा त्याची कृती कोणीही शाळेत शिकवेल अशी होती: वरच्यातून खालचा वजा करा, १ मिळवा, झाली रुंदी. १ ला रुंदीएवढं डावीकडे सरकवा. १ वजा करा, म्हणजे तेवढे १ तयार. मग त्यांना जागेवर सरकवा.

घर ७ ते ४ मागा, बरोबर. १५ ते ८ मागा, बरोबर. ३१ ते ० मागा. रुंदी ३२. ३२ बिटांच्या इंटेल यंत्रावर १ ला ३२ सरकवलं, उत्तर १. त्यातून १ वजा, उत्तर ०. सगळी घरं मागितली आणि एकही मिळालं नाही!

२०१४ मध्ये ही कृती बदलली. नवी कृती उलट्या बाजूनं जाते. आधीच सगळी घरं १ नं भरलेली एक संख्या घ्यायची. तिला खालच्या क्रमांकाएवढं डावीकडे सरकवलं की खालची नको असलेली घरं रिकामी होतात. तशीच दुसरी संख्या घेऊन ३१ वजा वरचा क्रमांक, एवढं उजवीकडे सरकवलं की वरची नको असलेली घरं रिकामी होतात. मग दोन्हींत समान असलेले १ ठेवायचे. गंमत अशी, की यात कुठलंही सरकवणं ३१ च्या पुढे जात नाही. ३१ ते ० मागितलं तर दोन्हीकडे शून्य सरकवणं.

यातून शिकण्यासारखं एवढंच: रिकाम्यातून बांधत गेलं तर भरलेल्या टोकाला ३२ हा न मावणारा आकडा लागतो. भरलेल्यातून कापत गेलं तर तो लागतच नाही. टोक टाळायची गरज उरत नाही, कारण तुम्ही सुरुवातच टोकापासून केलेली असते.

ऑगस्ट १९८२

११ ऑगस्ट १९८२ रोजी एड्सखर डायक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञानं एक छोटं टिपण लिहिलं. क्रमांक शून्यापासून का द्यावेत, हा त्याचा विषय. २ ते १२ या संख्या सांगायच्या तर चार रीती आहेत: दोन्ही टोकं धरा, दोन्ही सोडा, फक्त खालचं धरा, फक्त वरचं धरा. त्याचं म्हणणं असं, की खालचं टोक धरावं आणि वरचं सोडावं. मग दोन टोकांची वजाबाकी म्हणजेच लांबी. आणि एक टप्पा जिथे संपतो तिथेच दुसरा सुरू होतो, मध्ये फट नाही आणि एकावर एक चढणंही नाही.

त्याच महिन्यात, २६ ऑगस्ट १९८२ रोजी, चंद्रपूर जिल्ह्याचं विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण कल्पना समजायला मदत होते. सीमा आखली की प्रत्येक गाव कुठल्या तरी एकाच जिल्ह्यात पडलं पाहिजे. दोन्हींच्या यादीत आलं तर दोनदा मोजलं जाणार, एकाच्याही यादीत नसलं तर रेशनकार्ड कुठून काढणार? डायक्स्ट्राची रीत म्हणजे सीमेवरच्या गावाचा प्रश्न आधीच सोडवून ठेवणं.

पण इथे एक मेख आहे, आणि आपल्या विषयात ती फार महत्त्वाची आहे. या रीतीत १६ घरं सांगायची तर '० पासून, १६ सोडून' असं म्हणावं लागतं. म्हणजे न मावणारा तोच आकडा पुन्हा आला! ० ते १५ ला ४ बिट पुरतात, १६ ला पाचवा लागतो. उलट उपग्रहांची आणि चिपांची पुस्तकं '१५ ते १४' असं दोन्ही टोकं धरून लिहितात. त्यात प्रत्येक आकडा मावतो, पण लांबी काढताना १ मिळवायची आठवण ठेवावी लागते. दोन्ही रीती आपापल्या जागी ठीक आहेत. चूक होते ती एका रीतीतून दुसऱ्या रीतीत जाताना, आणि दिसते ती फक्त टोकाला. पुस्तक एका रीतीत, प्रोग्राम दुसऱ्या रीतीत, आणि आपण त्या दोघांच्या शिवेवर उभे.

आठवडा क्रमांक १०२४

हे फक्त प्रोग्रामरचं दुखणं आहे असं समजू नका. जंगलात जाऊन नोंदी घेणाऱ्यांनाही ते गाठतं. जीपीएस उपग्रह वेळ सांगताना आठवड्याचा क्रमांक पाठवतात आणि मूळ संदेशात त्याला १० बिट दिलेले आहेत. १० बिटांत ० ते १०२३ बसतात. मोजणी ६ जानेवारी १९८० ला सुरू झाली. ऑगस्ट १९९९ मध्ये १०२३ वा आठवडा संपला आणि क्रमांक पुन्हा ० झाला. एप्रिल २०१९ मध्ये दुसऱ्यांदा तसंच झालं. पुढची पाळी नोव्हेंबर २०३८ ची. ज्या जुन्या रिसीव्हरना हे सांभाळता येत नाही, त्यांची तारीख एकदम १०२४ आठवडे, म्हणजे ७१६८ दिवस मागे जाते. जागा बरोबर, तारीख जवळपास वीस वर्षं जुनी. तुमच्या मोहाच्या झाडाची नोंद २०१९ च्या उपग्रहचित्राशी जुळवायची आहे आणि फाइल म्हणते १९९९.

त्याच वर्षी जानेवारीत आणखी एक टोक येतं. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या साइन्ड संख्येत मोजणारी जुनी यंत्रं १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, आपल्या शेवटच्या आकड्याला पोहोचतील. पुढच्या सेकंदाला ती ऋण होतील आणि १९०१ साल दाखवतील.

सूरजागडला याचं काय?

आता परत आपल्या पिक्सेलकडे. सूरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे आणि ठाकूरदेवाचं स्थानही आहे. तिथला ३४८.०९ हेक्टरचा खाणपट्टा २००७ साली मंजूर झाला. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी तिथली कित्येक वाहनं जाळली, काम थंडावलं. २०२१ पासून खनिज काढणं पुन्हा जोरात सुरू झालं. जंगल किती गेलं, कुठलं गेलं, खाणीच्या हद्दीबाहेर काही परिणाम झाला का, हे प्रश्न तिथल्या ग्रामसभांसाठी जगण्याचे आहेत, आणि उपग्रहाच्या चित्रांतून त्यांची काही उत्तरं मिळतात.

लँडसॅटचा एक पिक्सेल ३० मीटर बाय ३० मीटर, म्हणजे ९०० चौरस मीटर. भागाकार केला तर अख्खा खाणपट्टा साधारण ३८६८ पिक्सेलचा. इतक्या लहान क्षेत्रावर सिरसचा एक पट्टा आला, की शेकडो पिक्सेल त्याच्याखाली सहज जातात. पातळ ढग लाल आणि अवरक्त अशा दोन्ही पट्ट्यांत जादा प्रकाश परत पाठवतो. त्यामुळे हिरवळीचा निर्देशांक खाली येतो. जंगल जागेवर असतं, आकड्यात विरळ होतं.

आणि आता खरी मेख. सिरस ओळखणारा खास पट्टा, बँड ९, लँडसॅट ८ वर आला. हा उपग्रह फेब्रुवारी २०१३ मध्ये सुटला. त्याआधीच्या लँडसॅट ५ आणि ७ वर तो पट्टा नव्हता. त्यामुळे त्यांच्या गुणवत्ता-थरात चौदावं आणि पंधरावं घर कायम रिकामं असतं. निरभ्र जंगलाचा त्यांचा आकडा असतो ५४४०. हा साइन्ड वाचा की अनसाइन्ड, काही फरक पडत नाही, कारण शेवटच्या घरात ० आहे. लँडसॅट ८ चा २१८२४ सुद्धा तसाच निर्धोक. बिघडतो तो फक्त पंधराव्या घरात १ असलेला पिक्सेल, म्हणजे फक्त सिरसवाला, आणि तोही फक्त २०१३ नंतरचा.

काय होतं बघा. तुम्ही खाणीच्या आधीची आणि नंतरची वर्षं तुलनेला घेता. आधीच्या वर्षांत या चुकीला जागाच नाही. नंतरच्या वर्षांत ती आहे. म्हणजे चूक दोन्ही बाजूंना सारखी पसरून एकमेकींना खोडत नाही. ती बरोबर 'नंतर'च्या पारड्यात बसते आणि आपण जे शोधतो आहोत त्याच्यासारखीच दिसते. जंगल खरोखर कमी झालेलं असलं, तरी त्यात ढगाचे पिक्सेल मिसळले की दुसरी बाजू तेवढाच धागा ओढते आणि खरे पिक्सेलही संशयात जातात. ज्या गावाच्या हातात तुमचा नकाशा असेल, त्याला पंधरावा बिट माहीत नसतो. तो तुम्हाला माहीत असायला हवा.

पण संख्या साइन्ड वाचेल तरी कोण? कोणीही. नेट-सीडीएफ या हवामान आणि पर्यावरणाच्या क्षेत्रात सर्रास वापरल्या जाणाऱ्या फाइल-पद्धतीच्या जुन्या रूपात १६ बिटांची अनसाइन्ड संख्या हा प्रकारच नव्हता. तो २००८ मध्ये चौथ्या आवृत्तीबरोबर आला. जावामध्ये 'शॉर्ट' हा प्रकार साइन्डच असतो. एका पद्धतीतून दुसरीत फाइल बदलली, की चिन्ह गुपचूप येऊन बसू शकतं.

मग करायचं काय?

पाच सवयी सांगतो. पहिल्याच आठवड्यात लावून घ्या.

एक, बिटांच्या कामाला अनसाइन्ड प्रकारच वापरा, आणि फाइल उघडल्याबरोबर प्रकार छापून बघा. गुणवत्ता-थरात एकही ऋण संख्या दिसली, तर पुढे जाऊ नका.

दोन, आधी सरकवा, मग मास्क लावा, आणि हे शेवटच्या घरांसाठीही करा. सगळ्यांत फसवी जागा हीच आहे. आठ-नऊ घरं वाचताना वरची घरं कापायला मास्क लावणं आपण विसरत नाही. चौदा-पंधराच्या वर काहीच नाही, मग मास्क कशाला, असं वाटतं. अनसाइन्ड संख्येत ते खरं आहे. साइन्ड संख्येत सरकवताना वरून १ आत शिरत राहतात, म्हणून उणे १ येतो. सरकवलेल्या त्या उणे १ ला दोन बिटांचा मास्क लावला असता, तर बरोबर ३ आले असते.

तीन, बिटांचा गट नोंदवताना 'सुरुवात आणि रुंदी' असा नोंदवा: चौदापासून दोन. शेवट लिहायचाच असेल, तर तो धरला आहे की सोडला आहे, हे शेजारी लिहा.

चार, चाचणी टोकांवर घ्या. १६ बिटांसाठी ०, १, ३२७६७, ३२७६८ आणि ६५५३५ हे पाच आकडे प्रोग्राममधून काढा. ३२७६७ आणि ३२७६८ यांच्यामधल्या एका पावलात या लेखातला सगळा इतिहास आहे.

पाच, दुसरा साक्षीदार शोधा. लँडसॅटच्या याच थरात दुसरं घर सिरससाठी हो-नाही सांगतं. चौदा-पंधरामध्ये ३ असलेले पिक्सेल आणि दुसऱ्या घरात १ असलेले पिक्सेल, दोन्हींची संख्या जुळली पाहिजे. ५४५९६ मध्ये दुसरं घर १ आहे, तपासून बघा. एका बाजूला शेकडो आणि दुसऱ्या बाजूला शून्य आले, तर बिघाड कुठे आहे ते तुम्हाला आता माहीत आहे.

प्रबंधात पद्धतीच्या प्रकरणात याला दोन ओळी द्या: संख्येचा प्रकार कोणता, कुठली घरं वाचली, टोकांवर काय तपासलं. परीक्षक कदाचित त्या ओळींवरून नजर फिरवून पुढे जातील. पण पाच वर्षांनी त्याच डोंगराचा नकाशा पुन्हा काढणारा विद्यार्थी मात्र तुमचा आकडा आणि त्याचा आकडा का जुळत नाहीत, हे आधी तिथेच शोधेल.